‘20000 ल्युमेन, 2 किलोमीटर रेंज’ आणि वर लेझर: अशी बॅटरी घरच्या घरी कशी तपासायची?

डिसेंबरात दोन दिवसांसाठी पूर्णेला गेलो होतो. गाव पूर्णेपासून जवळच आहे. आखाड्यावर पोचलो, तर चुलतभाऊ एक नवीन डबा घेऊन माझी वाटच बघत होता. मी मोबाईल-गॅजेटवर लिहितो म्हटल्यावर घरातली प्रत्येक बिघडलेली वस्तू माझ्यापुढं येते, त्याची सवय झालीये. पण ही वस्तू कोरी करकरीत होती.

‘‘दादा, हे बघ. दोन किलोमीटर फोकस मारते म्हणे. वर लेझर बी हाय.’’

डब्यात काळ्या रंगाची जाडजूड टॉर्च होती. तिच्या खालच्या अंगाला हिरवा लेझर, सोबत एक लोखंडी क्लॅम्प आणि वायरीच्या टोकाला दाबायचं बटण. तुमच्यातल्या निम्म्यांनी ही वस्तू आधी पाहिलेली आहे, पण गेममध्ये. बीजीएमआयमध्ये बंदुकीच्या नळीखाली ‘लेझर साइट’ लावतो ना आपण, हिप फायर नेमका जावा म्हणून? तीच ही. परदेशात रायफलला लावायला म्हणून विकतात, आणि आता ऑनलाइन दुकानांत ‘शेतकऱ्यांसाठी खास’ म्हणून आपल्याकडंही येते. भावाचा विचार असा की छर्‍याच्या एअरगनला ती बसवायची आणि हरभऱ्यात घुसणारी रानडुकरं हुसकायची. शिवाय रात्री दारं धरायला जाताना उजेडाला कामी येईलच.

काका बाजेवर बसून ऐकत होते. म्हणाले, ‘‘दोन किलोमीटरचं काय करता रे? पायाखालचं दिसते का नाही ते सांग आधी.’’

त्या एका वाक्यात अख्ख्या परीक्षेचा पेपर होता. ज्यांना रात्रीच्या शेतीची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं शेतीच्या मोटरला थ्री-फेज लाइन पाळीपाळीनं मिळत आलीये, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्रीची पाळी आली की माणूस अकरा-बारा वाजता विहिरीवर जातो, स्टार्टर दाबतो आणि मग पहाटेपर्यंत एकेक दारं मोडत वाफे भरतो. धुऱ्यावर घोणस असू शकते, मण्यार असू शकते, आणि जुन्या विहिरींना कठडे नसतात. सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज मिळायला लागली तिथं हे कमी झालंय, पण सगळीकडं नाही. तेव्हा या कामाला लागणारी बॅटरी हे काही हौसेचं गॅजेट नाही. (आमच्याकडं टॉर्चला बॅटरीच म्हणतात आणि आतल्या बॅटरीला सेल. या लेखातही तसंच चालू द्या.)

माझ्याच बाबतीत एकदा झालेलं आहे. अशीच एक स्वस्तातली बॅटरी घेऊन मी ओल्या रानात उभा होतो आणि ती एकदम विझली. मंद वगैरे काही झाली नाही, थेट अंधार. खिशातला मोबाईल काढेपर्यंतचे दहा सेकंद मी पाय न हलवता उभा होतो. म्हणून या वेळी ठरवलं की डब्यावर काय लिहिलंय ते बाजूला ठेवून नीट मोजायचं. त्यासाठी लागणारं बहुतेक सामान तुमच्याही खिशात आहे.

आधी डब्यावरचं गणित

डब्यावर लिहिलं होतं: 20000 ल्युमेन, 9900 एमएएच सेल, 10 तास बॅकअप, 2000 मीटर रेंज. वस्तू उघडायच्या आधीच यातलं खरंखोटं कागदावर काढता येतं.

ल्युमेन म्हणजे बॅटरीतून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड. चांगला पांढरा एलईडी एका वॅटमध्ये साधारण 100 ते 150 ल्युमेन देतो. सोयीसाठी 100 धरू. मग 20000 ल्युमेनला 200 वॅट लागतील. असे 200 वॅट 10 तास जाळायचे तर 2000 वॅट-तास झाले, म्हणजे घरच्या मीटरवरचे पूर्ण 2 युनिट. आतला सेल आहे अंगठ्याएवढा. त्याचा दाब 3.7 व्होल्ट. तो चांगल्यातला, 2500 एमएएचचा आहे असं मानलं तरी त्यात सव्वानऊ वॅट-तास मावतात. डब्यावरचा दावा खरा करायचा तर असे 216 सेल लागतील. शेतात जाताना पाठीवर पोतं घेऊन जावं लागेल.

भावानं हिशोब दोनदा करून पाहिला. मग म्हणाला, ‘‘मग हे लिहू कसे देतात?’’ याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

उलट बाजूनं विचार केला तर हाच हिशोब कामाचा आहे. एका चांगल्या सेलवर 1000 ल्युमेन हवे असतील तर ते जेमतेम तासभर मिळतील. 300 ल्युमेन घेतले तर तीन तास. एका सेलची बॅटरी याच्यापलीकडं फार काही सांगत असेल तर दुकानदाराकडं बघून हसावं आणि पुढं जावं.

अजून एक फसवणूक ओळखून ठेवा. बऱ्याच डब्यांवर ‘टी6 एलईडी’ असं मोठ्या अक्षरात असतं. टी6 नावाचा एलईडी नसतोच. क्री कंपनीच्या एक्सएम-एल नावाच्या एलईडीमध्ये उजेडानुसार गट पाडलेले होते, त्यातल्या एका गटाचं ते नाव. ज्वारीच्या पोत्यावर नुसतं ‘अ दर्जा’ लिहावं आणि आत काय आहे ते सांगू नये, तसला प्रकार.

सेल: सोनाराचा काटा आणि यूएसबी मीटर

आतला सेल काढला. अशा बॅटरीत बहुतेक वेळा 18650 नावाचा लिथियम सेल असतो. नाव अवघड वाटतं, पण तो नुसता मापाचा आकडा आहे: व्यास 18 मिलिमीटर, लांबी 65. या मापात नावाजलेल्या कंपन्यांचे सेल साधारण 2500 ते 3500 एमएएचचे येतात. 4000 च्या बराच पुढचा आकडा या मापाच्या सेलवर दिसला की तो खोटा समजायचा, मग 9900 असो की 6800.

दुसरी खूण वजनाची. चांगला 18650 सेल 45 ते 50 ग्रॅमचा असतो. पूर्णेच्या बाजारात ओळखीच्या सोनाराकडं गेलो आणि त्याच्या काट्यावर सेल ठेवला. तो आधी माझ्याकडं आणि मग सेलकडं बघत राहिला. काट्यावर आले 33 ग्रॅम. हलका सेल म्हणजे आत माल कमी. काही नकली सेलमध्ये मोठ्या खोळीत छोटा सेल आणि उरलेल्या जागेत भुकटी भरलेली सापडते, त्यामुळं वजन बरोबर आलं म्हणजे सगळं बरोबर असं नाही. पण वजन कमी आलं तर शंका घ्यायचं काही कारण उरत नाही.

पक्कं मोजायचं तर यूएसबी मीटर. चार्जरची पिन आणि केबल यांच्या मध्ये बसणारं हे छोटं यंत्र मोबाईल दुरुस्तीवाल्याकडं असतं. बॅटरी पूर्ण विझू दिली, मग त्या मीटरमधून चार्जिंगला लावली. स्वस्त बॅटरीतलं चार्जिंग सर्किट अगदी साधं असतं, जेवढा करंट केबलमधून येतो जवळजवळ तेवढाच सेलमध्ये जातो. त्यामुळं मीटरवरचा एमएएचचा आकडा म्हणजे साधारण सेलची ताकद. आमचा आकडा थांबला 1180 वर. डब्यावर 9900.

सुटा सेल विकत घेणार असाल तर त्यावर बीआयएसचा शिक्का आणि ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. लिथियम सेलसाठी आपल्याकडं आयएस 16046 हे मानक आहे आणि ही नोंदणी सक्तीची आहे. मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ ॲप घ्या, त्यात तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. हे दोन मिनिटांचं काम दुकानातच उभं राहून करता येतं. लिथियम सेल बिघडला की नुसता विझत नाही, पेटूही शकतो. आपण तो खिशात घेऊन फिरतो, उशाशी चार्जिंगला लावतो. म्हणून सेलच्या बाबतीत मी कधीच तडजोड करत नाही. बॅटरी साधी चालेल, सेल नाही.

उजेड: मोबाईलच मोजतो

फोन कानाला लावला की स्क्रीन विझते आणि उन्हात गेलं की ब्राइटनेस वाढतो. त्यासाठी फोनच्या वरच्या बाजूला, कानाजवळच्या स्पीकरपाशी, सेन्सर बसवलेले असतात. त्यातला उजेडाचा सेन्सर लक्स या एककात मोजतो. अँड्रॉइडवर ‘लक्स मीटर’ शोधलं की फुकट ॲप मिळतात. आयफोनवर हा सेन्सर ॲपना थेट वापरता येत नाही, तिथं कॅमेऱ्यावरून अंदाज काढतात.

रात्री आखाड्याच्या भिंतीला फोन टेकवून ठेवला. पाच मीटर मोजून बाजेवर बॅटरी ठेवली, फोकसचा मधला ठिपका बरोबर सेन्सरवर पाडला. आकडा आला 520 लक्स. आता अंतराचा वर्ग करून त्यानं गुणायचं: पाच गुणिले पाच पंचवीस, पंचवीस गुणिले 520 म्हणजे 13000. याला कँडेला म्हणतात. एका दिशेला उजेड किती एकवटलाय त्याचं हे माप. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केली की मीटरमध्ये रेंज मिळते. 13000 चं वर्गमूळ 114, म्हणजे रेंज 228 मीटर.

ही दुप्पट कुठून आली? बॅटऱ्यांसाठी एएनएसआय एफएल1 नावाचं अमेरिकन मानक 2009 पासून आहे, चांगल्या कंपन्या त्याप्रमाणं आकडे छापतात. त्यात रेंज म्हणजे असं अंतर, जिथं उजेड पाव लक्स उरतो. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. तेव्हा 228 मीटरवर ‘दिसतं’ याचा अर्थ चांदण्यात दिसतं तितपत. झाडाचा आकार कळेल, पण झाडाखाली कुत्रं आहे की डुक्कर हे ओळखायचं तर मी त्या आकड्याचा तिसरा हिस्सा धरतो. म्हणजे 75 मीटर. दोन किलोमीटर तर सोडाच.

फोनचा सेन्सर काही प्रयोगशाळेतला नाही. तुमच्या फोनवर 520 आले तर मित्राच्या फोनवर 430 येतील. पण एकाच फोननं, एकाच जागेवरून दोन बॅटऱ्या मोजल्या तर कोणती किती पट भारी हे अगदी विश्वासानं कळतं. आम्ही काकांची जुनी बॅटरीही मोजली, पण ते पुढं सांगतो.

खरी परीक्षा त्यानंतरची. बॅटरी आणि फोन जागचे न हलवता चालू ठेवले आणि दर पाच मिनिटांनी आकडा लिहीत बसलो. पाच मिनिटांत 520 चे 430 झाले. अर्ध्या तासाला 290. तासाला 150. एक तास चाळीस मिनिटांनी 50 च्याही खाली. एफएल1 मानकात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतच्या वेळेला रनटाइम म्हणतात. म्हणजे आमच्या बॅटरीचा रनटाइम जेमतेम पावणेदोन तास. नेमकं हेच वाक्य चांगल्या कंपन्यांच्या बाबतीतही लक्षात ठेवा: प्रामाणिकपणे छापलेल्या ‘6 तासां’तले शेवटचे तास अगदी मिणमिणत्या उजेडाचे असू शकतात. त्या वेबसाइटवर उजेड उतरत जाण्याचा आलेख असेल तर तो बघून घ्या. पठारासारखा सपाट आलेख हवा, उतारासारखा नको.

आणि रात्रीची लाइन असते आठ-दहा तास.

रुंद उजेड की लांब फोकस?

इथं काकांच्या प्रश्नाकडं परत येऊ. रायफलसाठी बनवलेल्या बॅटरीत उजेड मुद्दाम बारीक एकवटलेला असतो, कारण तिचं काम एकाच दूरच्या गोष्टीवर उजेड टाकणं. धुऱ्यावर चालताना हे उलटं पडतं. पुढं डोळे दिपवणारा पांढरा ठिपका आणि त्याच्या कडेला गडद अंधार. डोळ्याची बाहुली त्या ठिपक्यामुळं आक्रसते, त्यामुळं कडेचं आणखीच दिसत नाही. साप काही ठिपक्यात येऊन बसत नाही, तो कडेला असतो.

आम्ही धुऱ्यावर काळी रबरी नळी टाकली आणि तीन बॅटऱ्या घेऊन चाललो. नवीन बॅटरीत नळी दोनदा पायाजवळ येईपर्यंत दिसली नाही. भावाच्या डोक्याला बांधायच्या साध्या हेडलॅम्पच्या पसरट उजेडात ती चार-पाच मीटरवरून दिसली. त्या हेडलॅम्पचा पाच मीटरवरचा लक्स आकडा नव्या बॅटरीच्या दहाव्या हिश्श्याएवढाही नव्हता. तिसरी, काकांची जुनी पत्र्याची बॅटरी. तिच्यात पिवळसर उजेड होता, नळी तिच्यातही दिसली, पण जरा उशिरा.

म्हणून शेतात, गडावर किंवा रात्री बाइक बंद पडली तर लागणारी बॅटरी निवडताना कँडेलाच्या मागं लागू नका. 200-300 ल्युमेनचा पसरट उजेड तासन्‌तास एकसारखा टिकणं जास्त कामाचं. लांबचा फोकस हवाच असेल तर दुसरी ठेवा.

बाकीच्या तपासण्या झटपट सांगतो. मोबाईलचा कॅमेरा स्लो मोशनला लावून बॅटरी मंद मोडवर भिंतीवर मारा. व्हिडिओत उजेड लपलपताना दिसला तर सर्किट हलकं आहे. अशा उजेडात फिरणारा पंखा किंवा पुली थांबल्यासारखी भासू शकते, मोटरीजवळ काम करताना हे बरं नाही. पाच मिनिटांनी बॅटरीचं डोकं हाताला गरम लागलं पाहिजे. पूर्ण उजेडावर ते गारच राहिलं तर एलईडीची उष्णता बाहेर येत नाही, आतच कोंडतेय. झाकण फिरवून आत रबराचा वायसर आहे का आणि आट्यांना ग्रीसचा हात आहे का बघा. पाण्याच्या बाबतीत आयपीएक्स4 म्हणजे नुसते शिंतोडे चालतील, आयपीएक्स7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पाटात हातातून पडणाऱ्या बॅटरीला 7 हवा. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असेल आणि आकडा नसेल तर ते सोडून द्या.

आणि बटण. बॅटरीतलं सगळ्यात आधी मरतं ते बटण. पन्नास वेळा दाबून बघा, हातात हलवत दाबून बघा. पूर्णा जंक्शनवर रात्री गाडीची वाट बघत बसलात तर शेवटच्या डब्यातून गार्डचा हिरवा दिवा हलताना दिसेल. (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण पूर्णेत अजून गार्डच.) त्या लाल-हिरव्या बॅटरीचा उजेड काही फार नसतो, पण बटण दाबलं आणि लागली नाही असं तिथं चालत नाही. मी बॅटरी घेताना हेच माप धरतो.

आता लेझर

‘‘लेझर तर भारी हाय ना?’’ भावाची शेवटची आशा.

बंदुकीच्या लेझरमध्ये सगळ्यात आधी बघतात ते हे की एकदा लावलेला ठिपका जागचा हलतो का. नळी आणि लेझर यांच्या दिशेत नुसत्या एका अंशाचा फरक पडला तर 100 मीटरवर ठिपका पावणेदोन मीटर बाजूला जातो. म्हणून सैन्य-पोलिसांच्या वापरातले असे लेझर दणके, थंडी, पाणी सोसूनही दिशा धरून राहावेत असे बनवतात, आणि त्यांची किंमत त्यातच असते. मी आमचा लेझर रिकाम्या गोदामात, दार लावून, वीस मीटरवरच्या मातीच्या भिंतीवर पाडला आणि क्लॅम्पला बोटानं टिचक्या मारल्या. दहाव्या टिचकीपर्यंत ठिपका वीतभर सरकला होता. वीस मीटरवर वीत म्हणजे 100 मीटरवर मीटरभर. नेम धरायला हा लेझर म्हणजे खेळणं.

पण हे खेळणंही नाही, आणि इथंच मला भावाशी जरा कडक बोलावं लागलं.

लेझरचे धोक्यानुसार वर्ग असतात. वर्ग 2 म्हणजे 1 मिलिवॅटपर्यंत. तो चुकून डोळ्यात गेला तर पाव सेकंदात आपसूक पापणी मिटते आणि बहुतेक वेळा निभावतं. वर्ग 3आर म्हणजे 5 मिलिवॅटपर्यंत. त्याच्या वरचा वर्ग 3बी, तिथं पापणी मिटेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. आमच्या लेझरवर पिवळं स्टिकर होतं, ‘5 मिलिवॅटपेक्षा कमी’. स्टिकर छापायला काय लागतं? अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी मापन संस्थेनं 2013 मध्ये 122 लेझर पॉइंटर तपासल्याचं जाहीर केलं. हिरव्यांपैकी जवळपास 90 टक्के आणि लालपैकी 44 टक्के पॉइंटर ठरलेल्या मर्यादेच्या वर निघाले.

हिरव्याची गोम वेगळीच आहे. बऱ्याच स्वस्त लेझरमधला हिरवा किरण थेट तयार होत नाही. आत 808 नॅनोमीटरचा अदृश्य इन्फ्रारेड लेझर असतो. तो एका स्फटिकातून जाऊन 1064 नॅनोमीटरचा होतो, तोही अदृश्यच. मग दुसऱ्या स्फटिकातून त्याचा 532 नॅनोमीटरचा हिरवा किरण बनतो. उरलेला इन्फ्रारेड अडवायला पुढं एक छोटी काच लावायची असते. पैसे वाचवायला ती काच गाळली की हिरव्यासोबत इन्फ्रारेडही बाहेर पडतो. 2010 मध्ये एनआयएसटीनंच एक स्वस्त हिरवा पॉइंटर तपासला, तर त्यातून हिरव्यापेक्षा अदृश्य किरणच जास्त येत होते. अदृश्य किरणाला पापणी मिटत नाही, कारण डोळ्याला तो दिसतच नाही. आणि डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत. भाजलं तरी दुखत नाही, नंतर नजरेत काळा डाग दिसतो.

इन्फ्रारेड कसा लपून राहतो ते बघायचं असेल तर टीव्हीचा रिमोट घ्या, सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्याला काही दिसत नाही, पण बऱ्याच फोनच्या स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकतो. हा प्रयोग रिमोटवरच करा. लेझर कॅमेऱ्यासमोर कधीच धरू नका, कॅमेऱ्याचा सेन्सर जळतो. मिरवणुकीत लेझर शोचा व्हिडिओ काढताना फोटोंवर कायमची रंगीत रेघ उमटलेले फोन दुरुस्तीवाल्यांकडं येतात. कॅमेरा बदलता येतो. 2023 च्या गणेश विसर्जनानंतर नाशिकमध्ये मिरवणूक बघून आलेल्या काही तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला लेझरनं इजा झाल्याचं तिथल्या नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं. 2024 मध्ये पुणे पोलिसांनी गणेशोत्सवाच्या काळात लेझर दिव्यांवर बंदी घातली. तिथं किरण उंचावरून, फिरत येत होते. इथं तसाच किरण भावाच्या हातात होता, आणि आखाड्यावर दोन लहान पुतणे खेळत होते.

म्हणजे ज्या बॅटरीचा सेल मी काट्यावर आणि मीटरवर मोजला, उजेड फोनवर मोजला, तिच्यातला सगळ्यात धोकादायक भाग मला घरी मोजता येत नाही. मिलिवॅट मोजायचं मीटर वेगळं असतं, ते कोणाकडं नसतं. फोनच्या ॲपनं लेझर मोजतो असं सांगणाऱ्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नका. म्हणून माझा नियम सरळ आहे: वर्ग, नॅनोमीटर, मिलिवॅट आणि बनवणाऱ्याचं नाव-पत्ता या चारही गोष्टी नसतील तर लेझर घ्यायचा नाही. असतील तरी शेतात त्याचं काम काय, हे स्वतःला विचारायचं. आम्ही दोघांनी बराच विचार केला. एकही काम सापडलं नाही.

डुकरांचं म्हणाल तर, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय शिकार हा गुन्हा आहे, एअरगन असली तरी. पिकाचं नुकसान झालं तर वनविभागाकडं भरपाईचा अर्ज करता येतो. भावानं ते ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावरून पटलेलं दिसलं नाही. त्याचा हरभरा दोनदा उकरून झालाय, मीही जास्त ताणलं नाही.

बॅटरी परत पाठवायची मुदत अजून दोन दिवस होती. ॲपमध्ये कारण निवडताना ‘वर्णनाशी जुळत नाही’ हे निवडलं, सोनाराच्या काट्याचा आणि यूएसबी मीटरचा फोटो जोडला. पैसे आठवड्यानं परत आले. त्यात थोडे घालून भावानं पसरट उजेडाचा हेडलॅम्प आणि बीआयएस क्रमांकाचे दोन सेल घेतले, एक वापरायला आणि एक खिशात. पुढच्या रात्रपाळीला त्यानं मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला: हरभऱ्याचं पाणी भरलेलं वाफं, पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं. फोटोत कडेला काका दिसत होते, डोक्याला हेडलॅम्प बांधलेला. आणि हातात त्यांची ती जुनी पत्र्याची बॅटरी होतीच.